आजोबाही बाहेरूनच आले होते

मागच्या पालकसभेत एका ताईंनी उभं राहून विचारलं, "मॅडम, वर्गात ही बाहेरची मुलं किती वाढलीत! आमच्या मुलांच्या अभ्यासाचं काय?" बाहेरची म्हणजे शाळेजवळच्या टॉवरच्या कामावरची मुलं. कोणी बिहारचं, कोणी उत्तर प्रदेशातलं, दोघं तर आपल्याच नांदेडकडची. मी तेव्हा गप्प बसले. गप्प बसायला नको होतं, म्हणून इथे लिहितेय.

माझे आजोबा गुहागर तालुक्यातले. १९५० च्या सुमारास दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले. लालबागला गाववाल्यांची एक खोली होती. तिथे वीसेक माणसं राहायची. खोली पुरायची कशी? तर पाळ्यांमुळे. एकाची वळकटी उचलली की रात्रपाळीहून आलेला दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, पैसे पगार झाल्यावर. गिरणीत चिकटवलं तेही गावच्याच माणसाने. सुरुवातीला बदली कामगार, म्हणजे रोज दारात उभं राहायचं आणि काम मिळालं तर मिळालं. जुने दिवस सुखाचे होते असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

आणि मुंबई तेव्हाही 'बाहेरच्यांचीच' होती. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या दर पाच माणसांपैकी साधारण चौघांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. गिरण्यांना माणसं हवी होती, कोकणात आणि घाटावर शेती पुरत नव्हती. आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि ते बांधायला माणसं लागतातच. कारण तेच, फक्त गाडी लांबून येते.

मग फरक कुठे आहे? मला तो मुलांच्या बाबतीत दिसतो.

आजोबा एकटे आले. आजी, माझे बाबा, आत्या गावीच राहिले. मनीऑर्डर यायची, शेत आजी बघायची. स्थलांतराचा सगळा भार तिच्यावर पडला, हे आपण कधी बोलत नाही. पण बाबांची शाळा सुटली नाही. एकच शाळा, तेच गुरुजी, सातवीपर्यंत. आज बांधकामावर पुष्कळदा नवरा-बायको दोघंही राबतात, मग मूल सोबतच येतं. स्लॅब संपला की ठेकेदार दुसऱ्या साइटवर नेतो आणि शाळा अर्ध्यात तुटते. आजीने सोसलं ते आता आठ वर्षांचं पोर सोसतंय.

म्हणून ताईंना माझं उत्तर असं, की तुमच्या मुलाचं नुकसान या मुलांमुळे होत नाही. माझी तारांबळ होते, ते खरं आहे. मराठी न येणाऱ्या मुलाला वाचनाकडे आणायला वेळ लागतो. त्यासाठी जादा शिक्षक मागायचे की मुलं कमी करायची?

शिक्षकांनाही एक सांगते. दाखला नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. मूल जाणार असं कळलं तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या. अडचण एवढीच, की बहुतेकदा कळतच नाही.

परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं होतं: 'आपल्या घरातलं या शहरात पहिलं कोण आलं, कुठून, कशाने?' फक्त दोन आगरी मुलांनी 'आम्ही इथलेच' लिहिलं. त्या ताईंच्या मुलाने लिहिलं, 'पणजोबा, राजापूरहून, बोटीने.' त्याच्या शेजारणीने लिहिलं, 'पप्पा, छपऱ्याहून, रेल्वेने.'

ती शेजारीण पुढच्या सोमवारी आली नाही. मी तिच्या वडिलांना फोन लावला. पनवेलला नवीन साइट, म्हणाले. तिथली जवळची शाळा शोधून पत्ता पाठवलाय, आणि दाखल्यासाठी थांबू नका, उद्याच घेऊन जा, असं दोनदा सांगितलंय. गेले की नाही, हे परवा परत विचारणार आहे.