शेजारचं बिऱ्हाड डोईजड झालं तर

डोंबिवलीहून एक भगिनी लिहितात, “आमच्या जुन्या चाळीत आठ बिऱ्हाडं. सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या खोलीत आलेला भाडेकरू रात्री पिऊन येतो, बारा-एकपर्यंत मोठ्याने गाणी लावतो, बोललं की शिव्या देतो. मुलगी दहावीला आहे. घरमालक ठाण्याला, भाडं घेण्यापुरते येतात. आमचे हे म्हणतात, वाईटपणा कशाला घ्या? बाकीच्या जणी म्हणतात, सामाईक नळावर त्यांना पाणीच भरू द्यायचं नाही. काय करू?”

ताई, पाण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. त्याची शिक्षा त्याला नाही, हंडा घेऊन नळावर येणाऱ्या त्याच्या बायकोला होईल. आणि योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी तोडायला कायद्याने घरमालकालाही मनाई आहे, मग आपण कोण?

एकट्याने भांडायलाही जाऊ नका. एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, कोणी ऐकलं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांनी सातही बिऱ्हाडांच्या सह्यांचं पत्र घरमालकाला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. वाईटपणा एका घराच्या माथी येतो. सात सह्यांच्या येत नाही, हे यजमानांनाही सांगा.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून घरमालक जागा परत मागू शकतो. दावा मात्र त्यालाच लावावा लागतो, तुम्हाला नाही. पण कोर्टात साक्ष शेजाऱ्यांचीच लागते, म्हणून ती वही. अकरा महिन्यांचा करार असेल तर काम सोपं: मुदत संपल्यावर तो नव्याने करू नका, असं मालकांना पत्रातच लिहा.

कोर्टाला वेळ लागतो, दहावीची परीक्षा काही थांबत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि राहत्या वस्तीत तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. गोंगाट चालू असतानाच ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या नि तिची प्रत मागून घ्या. तोवर मुलीला रात्री अभ्यासाला चाळीच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या घरी बसवा. शेजार असतो तो अशाच वेळेसाठी.

आणि एक. त्या बाईशी बोलणं तोडू नका. जो माणूस शेजाऱ्यांना शिव्या देतो, तो दार लावल्यावर घरात कसा वागत असेल? मारहाणीचा संशय आला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली शेजारीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ हा फोन आहे. हा नंबर तिला नळावर, कोणी नसताना, हळूच सांगून ठेवा.