एका ‘च’ची गोष्ट

शाळेत मी मराठी शिकवत असे. शब्दयोगी अव्ययांचा धडा आला की मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायची. ‘सदूच येईल.’ ‘सदूही येईल.’ आणि विचारायची, सांगा बघू, फरक काय? पुढच्या बाकावरची हुशार मुलं व्याख्या घोकून आलेली असायची. पण एका वर्षी मागच्या बाकावरचा एक उनाड मुलगा उठून म्हणाला, “बाई, पहिल्यात बाकीच्यांना दार बंद, दुसऱ्यात सगळ्यांना उघडं.” यापेक्षा चांगलं उत्तर मला पुढे कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नाही.

तो मुलगा आता कुठे असेल कोण जाणे. पण गेल्या वर्षभरात त्याची फार आठवण झाली. कारण आमच्या पुण्यात आणि सगळ्याच शहरांत ‘ऑनलाइन’ या शब्दाला हळूच एक ‘च’ येऊन चिकटला आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी काही यंत्राला नाकं मुरडणारी म्हातारी नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी फोनवर देवनागरीत टंकते, विजेचं बिल घरबसल्या भरते, परदेशातल्या नातीचा चेहरा रोज रात्री पाहते. ही सोय मला फार मोलाची वाटते. तेव्हा ‘आजी, जग पुढे गेलंय’ हे कृपा करून मला सांगू नका. जग पुढे गेलंय ते मी पाहते आहे. मागे कोण राहिलंय तेवढंच मला विचारायचं आहे.

आमच्याकडे धुणंभांडी करायला एक बाई येतात. घरात सगळेच त्यांना मावशी म्हणतात. वय साठीच्या पुढे. नवरा गेला, मुलगाही गेला. एका शासकीय योजनेचे थोडे पैसे त्यांच्या खात्यात यायचे. ते अचानक बंद झाले. पहिला महिना त्या गप्प राहिल्या, दुसऱ्या महिन्यात मला म्हणाल्या, “काकू, जरा मोबाईलमधे बघता का, माझं काय चुकलं?”

त्यांचं काय चुकलं ते शोधायला आम्हाला चार महिने लागले.

कचेरीत सांगितलं, तुम्ही हयात आहात हे सिद्ध करा. मावशी समोर उभ्या होत्या. पण त्यांचा अंगठा यंत्रावर लागेना. चाळीस वर्षं सोडा आणि तारेची घासणी यांच्यात गेलेला हात आहे तो. रेषा राहणार कुठून? “अंगठा लागत नाही, मग ओटीपीने करून आणा.” ओटीपी जायचा तो मुलाच्या जुन्या नंबरावर. मुलगा गेला, रिचार्ज कोणी केला नाही, नंबर बंद. मग नंबर बदलायला केंद्रात गेलो. तिथे नंबर बदलायला काय हवं? अंगठा!

हसू नका. प्रत्येक खेपेला मावशींचे तीन-चार घरचे खाडे पडले. चौथ्या खेपेला दुसऱ्या एका केंद्रातल्या पोरसवदा मुलाने त्यांच्या डोळ्यांसमोर एक यंत्र धरलं, बुबुळं टिपली, आणि पाच मिनिटांत काम झालं. म्हणजे दुसरं दार होतंच. ते आहे हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

यात मला जास्त लागलं ते वेगळंच. साक्षरता अभियानाच्या दिवसांत, म्हणजे 1990 नंतरच्या काही वर्षांत, मी संध्याकाळी वस्तीतल्या बायकांचे वर्ग घेतले आहेत. ‘अंगठा नको, सही करा’ असं आम्ही ओरडून ओरडून सांगायचो. अंगठेबहाद्दर हा शब्द तेव्हा शिवीसारखा होता. आपलं नाव पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिल्यावर बायका रडलेल्या मी पाहिल्या आहेत. मावशीही अशाच कुठल्याशा वर्गात सही शिकल्या. आज त्या सही करायला तयार आहेत, तर सही कोणाला नको. पुन्हा अंगठाच हवा आहे. आणि तो अंगठा भांडी घासून पुसला गेला आहे.

तुम्ही म्हणाल, ही एका बाईची अडचण झाली, त्यावरून धोरणाला काय नावं ठेवता? तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेलं उदाहरण घ्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना 2024 मध्ये सुरू झाली. पात्र कोण, तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला. यादीत विधवा होत्या. मग 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. आता ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही, तिने तो ओटीपी स्वर्गातून मागवायचा का? योजनेने तिला यादीत घेतलं होतं, फॉर्म बनवणारा मात्र तिला विसरला. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला सादर करावा अशी सोय केली. म्हणजे शेवटी कागदच कामाला आला, आणि कागद हातात घेणारं माणूस.

माझं भांडण नेमकं इथे आहे. ज्यांना जमत नाही त्यांना शिकवा, असं सगळे म्हणतात. डिजिटल साक्षरतेचे वर्ग काढा म्हणतात. जरूर काढा, मीही शिकवायला येते. पण मावशींच्या अंगठ्याला कोणता वर्ग रेषा आणून देणार? मेलेल्या नवऱ्याच्या फोनवर ओटीपी यायला कोणती साक्षरता लागते? हा अडाणीपणा मावशींचा नाही. खिडकी बंद करताना समोर कोण उभं आहे हे ज्याने पाहिलं नाही, त्याचा आहे.

आणि तो ओटीपी! दिवसातून दहा वेळा फोन आपल्याला बजावतो, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ अगदी बरोबर आहे. सायबर फसवणुकीत माझ्या ओळखीच्या दोघांचे पैसे गेले आहेत. (असं झालं तर लगेच 1930 वर फोन करा, उशीर करू नका.) पण ज्या बाईला इंग्रजी मेसेज वाचता येत नाही, तिने काय करायचं? ती फोन दुकानातल्या पोराच्या हातात देते आणि म्हणते, “बघ रे बाबा, काय आलंय.” आधारची झेरॉक्स त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे. तो पोरगा भला असला तर ठीक. एका तोंडाने सांगायचं कोणाला सांगू नका, आणि व्यवस्था अशी करायची की सांगितल्याशिवाय गरिबाचं पान हलू नये! 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मावशींच्या वाट्याला तो झेरॉक्सच्या दुकानाच्या काउंटरवर येतो, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत.

तो मेसेज इंग्रजीत का, हाही प्रश्न मराठीची शिक्षिका म्हणून मी विचारणारच. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण ‘तुमचे पैसे अमुक कारणाने थांबले आहेत’ हे एक साधं वाक्य मावशींना मराठीत मिळालं नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे ती. मराठीत असतं तर तिने स्वतः वाचलं असतं, ‘माझं काय चुकलं’ असं मला विचारावं लागलं नसतं.

न्यायालयांना हे कळलेलं आहे, हे मुद्दाम सांगते. 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ओळख पटवणारं यंत्र चाललं नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ नाकारता येणार नाही. 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका वसतिगृहातल्या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आणि 30 एप्रिल 2025 चा निकाल तर प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावावा असा आहे. ॲसिड हल्ला सोसलेल्या बायका आणि दृष्टिहीन माणसं न्यायालयात गेली होती. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायची असते. ज्यांचे डोळेच हल्ल्यात गेले, त्यांनी पापणी कशी मिटायची? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वीस निर्देश दिले, आणि पापणीखेरीज दुसरे मार्गही ठेवा असं बजावलं.

‘दुसरे मार्गही.’ बघा, न्यायालयालाही शेवटी ‘ही’च लागला.

खिडकीवरच्या कारकुनाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. जेवायला गेला की तासभर यायचा नाही. पण तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला चेहरा असायचा. ‘लिहून द्या’ म्हणून अडून बसता यायचं. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर अर्जाची पोच, कामाची मुदत आणि वर अपील असं सगळं दिलं. पण अंगठा लागला नाही तर पोच कशाची? अर्ज पुढे गेलाच नाही, मग अपील कोणत्या नकाराविरुद्ध? पडदा नुसता लाल होतो आणि पोरगा म्हणतो, “नाही होत आजी, उद्या या.” त्या उद्याची तारीख कुठेच नोंदली जात नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक ऑनलाइन कामाला एक माणूस बसलेली खिडकी असू द्या. यंत्राने नाही म्हटलं, तर का नाही ते मराठीत, तारखेसह, लिहून द्या. आणि कोणाचेही पैसे बंद करण्याआधी एकदा माणूस पाठवून बघा, ती बाई जिवंत आहे का.

खर्चाचं म्हणाल, तर आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे या. तिच्या गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला आहे, आणि गल्ल्यात सुटे पैसेही आहेत. फोनवर द्या, रोख द्या, आजी विसरल्या असतील तर उद्या द्या. तिला कोणी धोरण शिकवलेलं नाही. गिऱ्हाईक परत जाऊ नये एवढंच तिला कळतं. सरकारला आणि बँकांना तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आता शेवटी एक कबुली. ती दिली नाही तर हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला, जिन्यातला फळा काढून टाकू, यापुढे सगळ्या सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच. मी हात वर केला. खडूने कोण लिहीत बसणार, मलाही कंटाळा आला होता. तळमजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, बटणांचा फोन वापरतात. ते सभेला आले नव्हते, कारण सभेची सूचनाच ग्रुपवर होती. मग टाकी धुण्याच्या दिवशी सगळ्यांनी आदल्या रात्री पाणी भरून ठेवलं. आजोबांच्या नळाला दुपारपर्यंत पाणी नव्हतं. त्यांनी तक्रारही केली नाही. मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “बाई, सांगायचंत हो.”

‘ग्रुपवरच.’ व्याकरण शिकवण्यात जन्म घालवलेल्या मला तो ‘च’ दिसला नाही. मावशींच्या पायी चार खेपा घातल्या तेव्हा दिसला.

मागच्या महिन्याच्या सभेत मी ठराव मांडला, ग्रुपवरही आणि फळ्यावरही. दोघांनी नाक मुरडलं, बाकीच्यांनी मान डोलावली. फळा अडगळीतून काढून, पुसून पुन्हा जिन्यात लावला. लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. हात थरथरतो, अक्षर पूर्वीसारखं येत नाही. पण आजोबा काठी टेकत थांबतात आणि वाचून जातात.

मावशींचे पैसे सुरू झाले. मधल्या चार महिन्यांचे अजून आलेले नाहीत. विचारलं तर सांगतात, ऑनलाइनच तक्रार करा.

असो. उद्या पुन्हा कचेरीत जायचं आहे. यावेळी लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.