विश्लेषण : विंडोज ११ टाकले अन् दुकानाचे बिलिंगच बंद! असे का होते?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे छोटी दुकाने, डीटीपी सेंटर, हिशेबनिसांची कार्यालये यांच्यापुढे विंडोज ११ हाच सरळ मार्ग उरला. पात्र कॉम्प्युटरला हे अपग्रेड फुकट मिळते. खर्च सुरू होतो तो जुने सॉफ्टवेअर उघडेनासे झाल्यावर.

नेमके काय अडते?

विंडोज १० हे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिट सॉफ्टवेअर त्यावर बहुतांशी चालते. मात्र डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेले हिशेब इथेच अडकतात.

ड्रायव्हरचे दुखणे वेगळे. ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर धडधाकट स्कॅनर, प्रिंटर किंवा सॉफ्टवेअरचे डोंगलही निरुपयोगी ठरते.

मग आधी तपासणी होत नाही का?

होते, पण अर्धीच. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' प्रोसेसर, टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज असे निकष पाहते. हिरवी खूण दिसली की वापरकर्ता निर्धास्त होतो. पण ती खूण मशीनसाठी असते. त्या मशीनवर रोज चालणाऱ्या कामाबद्दल ती काहीच सांगत नाही.

जबाबदारी कुणाची?

जुने सगळे कायम चालवत राहणे सुरक्षेच्या दृष्टीने परवडणारे नाही, हा कंपन्यांचा मुद्दा खरा आहे. तरीही तुटलेल्या दुव्याची किंमत एकट्या ग्राहकाने का मोजायची? ऑपरेटिंग सिस्टीमवाले सॉफ्टवेअर कंपनीकडे बोट दाखवतात, सॉफ्टवेअर कंपनी नवे व्हर्जन घ्या म्हणते. फ्रिज घेताना वॉरंटी विचारली जाते. तसे सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाईल, हे विकतानाच लेखी मिळायला हवे. ग्राहकाचा डेटा साध्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोयही सक्तीची हवी. हिशेब दुकानदाराचे आहेत, सॉफ्टवेअरवाल्याचे नाहीत.

तोवर काय करावे?

• रोजच्या कामाची सॉफ्टवेअर आणि उपकरणे यांची यादी करून प्रत्येकाचा विंडोज ११ सपोर्ट विचारून घ्या.
• पूर्ण बॅकअप घ्या. ३२ बिट विंडोजवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने इन्स्टॉल करावे लागते.
• अपग्रेडनंतर अडचण आली, तर साधारण १० दिवसांत 'गो बॅक' पर्यायाने मागे फिरता येते.
• घाई नको असेल, तर वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्यासाठी नोंदणी करावी लागते.

आणि एक साधा नियम : दिवाळी किंवा मार्चअखेरच्या तोंडावर अपग्रेडच्या बटणाला हात लावू नका.