बंद झालेली गाडी

सध्या आमच्या घरात जेवताना एकच विषय असतो, टाटा हेक्सा. २०१८ चं मॉडेल, एकच मालक, डिझेल, मॅन्युअल, सात सीट, आणि उभी आहे पिरंगुटला, म्हणजे आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. बाबा म्हणतात, "कंपनीनंच बंद केलेली गाडी कुणी विकत घेतं का रे?" ऑफिसातली पोरं म्हणतात, "अशी गाडी परत होणार नाही, डोळे मिटून घे." मला दोन्ही अर्धंच पटतं.

आधी बाबांचा मुद्दा. बंद पडलेली गाडी वेगळी आणि बंद झालेली गाडी वेगळी. टोयोटाने क्वालिस २००० साली आणली आणि चांगली खपत असताना २००५ मध्ये इनोव्हासाठी बंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक जुनी क्वालिस शोधत फिरायचे. हेक्साचं प्रकरण इतकं गोड नाही हे मान्य. ती जानेवारी २०१७ मध्ये आली, खप कधीच फारसा झाला नाही, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्सचे नियम लागू झाले तेव्हा तिचा विषय संपला. त्याच वर्षीच्या ऑटो एक्स्पोमध्ये 'हेक्सा सफारी एडिशन' मांडली होती, पण ती शोरूमपर्यंत पोचलीच नाही.

आमच्या धंद्यात अशा गोष्टींना लिगसी म्हणतात, आणि लिगसीला नावं ठेवणारे बहुतेक जण त्याच सिस्टिमवर पगार घेत असतात. :) खरा प्रश्न असा की नुसतं व्हर्जन बंद झालंय की व्हेंडरच दुकान गुंडाळून गेलाय? हा फरक पुणे जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा सांगायची गरज नाही. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखाना थांबला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन गुंडाळायचं ठरवल्यावर एन्डेव्हरवाल्यांच्या पोटात गोळा आलाच असणार. टाटा मोटर्स मात्र पिंपरीत आहे तिथेच आहे.

शिवाय हेक्साचं २.२ लिटरचं व्हॅरिकॉर इंजिन एकटं हेक्साचं नाही, सफारी स्टॉर्मलाही ते होतं. आणि स्टॉर्म म्हणजे तीच, जिच्या ३,१९२ गाड्यांची ऑर्डर लष्कराने २०१७ मध्ये दिली होती. त्यामुळे इंजिनाची मला फारशी भीती वाटत नाही. भीती आहे ती हेडलॅम्पची. हो, हेडलॅम्पचीच! बंपर, टेललॅम्प, दाराच्या काचा, डॅशबोर्डवरची प्लास्टिकची बटणं, या गोष्टी फक्त हेक्साच्या आहेत आणि गाडीच कमी खपली म्हणजे जुन्या बाजारातही त्या कमीच सापडणार. पौड रस्त्यावर डंपरच्या मागून जो रोज जातो त्याला विचारा, दगड कुठे बसतो ते. इंजिनाचं काम कुठलाही जाणता मेकॅनिक करेल, पण एका दिव्यासाठी गाडी महिनाभर गॅरेजात उभी राहिली तर आजीला दवाखान्यात न्यायचं कशातून?

आता मित्रांचा मुद्दा. लॅडर फ्रेम, मागच्या चाकांना पॉवर, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क वगैरे वगैरे. १९९८ च्या सफारीचं पोस्टर ज्यांच्या खोलीत होतं त्यांचा २०२१ च्या नव्या सफारीवर राग आहे, कारण ती पुढच्या चाकांवर चालते आणि फोर बाय फोर तिच्यात आलीच नाही. राग समजू शकतो. पण मी जी हेक्सा बघतोय तीसुद्धा फोर बाय फोर नाही, आणि ताम्हिणीतून माणगावला जायला ती लागतही नाही. त्याच घाटातून एसटी जाते, दुधाचा टेम्पो जातो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. तशा दिवशी फोर बाय फोर असो की रणगाडा, घरी बसावं.

म्हणून मी एक्सेल उघडली (इंजिनिअर आहे, दुसरं काय करणार). गेल्या वर्षभरात आम्ही सातही जण, म्हणजे आई, बाबा, आजी, मी, बायको, ताई आणि तिचा मुलगा, एकत्र कुठे गेलो? अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा भाड्याने गाडी केली, उरलेल्या सात वेळा दोन गाड्या काढल्या. नुसत्या पैशाचा हिशोब केला तर अकरा दिवसांसाठी वर्षभर सव्वादोन टनांचं धूड पाळणं हा येडेपणा आहे. पण एक्सेलमध्ये न बसणारी गोष्ट म्हणजे न झालेल्या ट्रिपा. दोन गाड्या काढायच्या म्हटलं की आजी म्हणते, "जा तुम्ही, मी बसते घरी." ते वाक्य गेल्या वर्षी किती वेळा ऐकलं त्याचा कॉलम माझ्याकडे नाही. माझ्या मते या गाडीच्या बाजूने असलेला एकमेव खरा मुद्दा हाच आहे. बाकी टॉर्क-बिर्क सगळं बोलायच्या गोष्टी.

आणि गंमत बघा, जिच्यासाठी घ्यायची तिलाच त्या गाडीत चढता येत नाही. गेल्या रविवारी आजीला घेऊन गाडी बघायला गेलो. हेक्साचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर, सीट त्याच्याही वर. गुडघे दुखणाऱ्या नऊवारीतल्या बाईसाठी तो ताम्हिणी घाटच. फॅमिली एसयूव्ही म्हणून विकलेली गाडी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला न चढवता कुणीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेस्ट ड्राइव्ह ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याची नसतेच. शेवटी मालकांनी घरातून एक पाट आणला, त्यावर पाय ठेवून आजी मधल्या सीटवर बसली, मागे टेकली आणि म्हणाली, "बरं आहे की." फूटबोर्ड बसवून घ्यावा लागेल, एवढी एक ओळ यादीत वाढली.

मुळशीत मोठी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र येतं, हेही आहे. जमीन विकली, पांढरी गाडी आली, मागे 'दादा' लिहिलं. २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आल्यापासून तर विचारूच नका. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते हे आयटीवाल्यांच्या फारसं लक्षात नसतं. ज्या जमिनी गेल्या त्यांवर आमची ऑफिसं आहेत. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, आणि आज इथे जुनी टाटा दारात उभी राहणं म्हणजे प्रतिष्ठा. असो, विषय भरकटला.

धुराबद्दल मात्र बोललंच पाहिजे. हेक्सा बीएस-फोर. बीएस-सिक्स डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज रखडत चाललं की तो चोंदतो. जुन्या डिझेलला तो त्रास नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. अहो, पण फिल्टरची कटकट नाही म्हणजे ती काजळी वाकड पुलावर मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या नाकात जाते! त्यामुळे माझं ठरलंय, गाडी आली तरी ऑफिसला नेणार नाही. बस आहे, बाईक आहे. ती सात जणांची गाडी आहे, सात जणांसाठीच निघेल.

ऑनलाइन याहून स्वस्त हेक्सा दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच दिल्लीच्या. तिथे दहा वर्षांच्या पुढच्या डिझेलवर टांगती तलवार, म्हणून त्या आधीच बाहेर निघतात. मग एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, एमएच पासिंग करा, म्हणजे वाचलेले पैसे आरटीओत. नकोच. पिरंगुटची गाडी एमएच बारा आहे, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या मालकांनी फाइलला लावून ठेवल्यात, आणि रजिस्ट्रेशन २०३३ पर्यंत आहे.

राहिला भाव. मालक म्हणतात साडेनऊ लाख, का तर "दुर्मिळ गाडी आहे." दुर्मिळ आहे म्हणूनच तर हेडलॅम्प मिळणार नाही, साहेब! त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झाला आणि नव्या गाड्याही उतरल्या. जुनीला वरचा भाव का द्यायचा? मी आठ सांगितलेत. लाखभर रुपये पहिल्या वर्षीच्या टायर, बुश, क्लच आणि फूटबोर्डसाठी बाजूला, आणि हेडलॅम्पची एक जोडी आत्ताच, पार्ट मिळतोय तोवर, घेऊन माळ्यावर टाकायची. बाबांना हे शेवटचं ऐकून हसू आलं. "गाडी यायच्या आधी दिवे?" म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

मालक शनिवारी कळवतो म्हणालेत. सव्वाआठच्या वर मी जाणार नाही.