मत कोणाचे मोजणार?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले, त्याची ही आठवण. यात्रेला आयाबहिणींची गर्दी असते. पण कायद्याने त्यांच्या हाती दिलेले एक हत्यार त्यांना कोणी समजावून सांगत नाही. ते म्हणजे आडवी बाटली.

२००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर परवानाधारक दारू दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आमदार-खासदाराला न विचारता जनतेने थेट निर्णय घ्यावा, अशी सोय आपल्या राज्यात जवळजवळ एवढीच आहे.

मग सगळेच कायदे असे जनतेच्या मताने का करू नयेत, असे काही शहाणे विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये पन्नास हजार सह्या जमवल्या की संसदेचा कायदा मतदानाला टाकता येतो, असा दाखलाही देतात. पण त्याच देशात बायकांना मताधिकार द्यावा का, हे १९५९ साली फक्त पुरुषांना विचारले गेले आणि पुरुषांनी नकार दिला. तो अधिकार मिळायला १९७१ उजाडले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली जनमताने सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातली काळ्यांसाठीची व स्त्रियांसाठीची विशेष संधी बंद केली. २०२० साली ती परत आणायचा प्रश्न मतदानाला टाकला, तोही पडला. उद्या आपल्याकडे आरक्षणावर असे मतदान घेतले तर निकाल काय लागेल, हे सांगायला ज्योतिषी लागतो काय?

बाबासाहेबांनी हे १९३२ सालीच ओळखले होते. येरवड्याच्या वाटाघाटीत राखीव जागा कधी संपवायच्या हा वाद पेटला, तेव्हा त्यांनी सार्वमत मागितले, पण कोणाचे? अस्पृश्यांचे! ज्याच्या हक्काचा प्रश्न, त्याचेच मत. गांधीजी पाच वर्षांच्या मुदतीवर अडून बसले. शेवटी करारात सार्वमत आले नाही, उभयपक्षी संमती आली.

आडव्या बाटलीचा नियम या कसोटीला निम्माच उतरतो. दारूचा मार जिच्या पाठीवर पडतो तिला विचारले जाते, हे खरे. पण दुकान बंद व्हायला पडलेल्या मतांचे बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. आता साक्री, नवापूरकडची भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. घराला कुलूप, बाई फडात. ती गावात नसली की तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या पारड्यात जाते. या अटीवर आमदार निवडायचे ठरवले असते, तर विधानसभेतल्या किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या!

गळीत हंगाम संपून ही माणसे परतल्यावरच मतदान ठेवावे आणि पडलेल्या मतांचे बहुमत मानावे. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. २००८ चा आदेश सरकारनेच काढला होता, सरकारलाच तो बदलता येईल.