पहिला प्रकल्प पुठ्ठ्यावर होऊ द्या

प्रति,
मा. संचालक आणि अभ्यासक्रम समिती,
इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज (आयआयसीटी), मुंबई



केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या संस्थेला मंजुरी दिली, २०२५ मध्ये पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात कामाला सुरुवातही झाली. आता २०२६ च्या अर्थसंकल्पात १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या प्रयोगशाळा उभारण्यासाठी आपल्याला पाठबळ जाहीर झालं आहे. खेळ रचणं हा शाळेत शिकण्याचा विषय होतोय, याचा मला मनापासून आनंद आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी एक शिक्षिका म्हणून माझी आपल्याला मुख्य विनंती ही आहे: या प्रयोगशाळांमधला पहिला प्रकल्प संगणकावर करू नका.

आज गेम डिझाइनचा विद्यार्थी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो. सत्रातले बरेच आठवडे एका पात्राचे केस, चिलखत आणि त्यावरचा उजेड यांत जातात. मूल्यमापनाच्या दिवशी पडद्यावर देखणी चित्रफीत दाखवली जाते, परीक्षक खूश होतात, गुण मिळतात. तो खेळ हातात घेऊन कोणी खेळून पाहिलेलाच नसतो. यात मुलांचा दोष नाही. आपण दिसण्याला गुण देतो, म्हणून ती दिसण्यावर राबतात.

माझ्या एका वर्गात तिघांनी पाण्याच्या टँकरवर खेळ केला होता. पुठ्ठ्यावर एक गल्ली आखली, तिच्यात सहा घरं. शर्टाची बटणं म्हणजे हंडे. फाशावर सहा पडले की टँकर येणार, गल्लीच्या तोंडाशी थांबणार आणि तिथून ओळीने एकेकाने हंडे भरायचे. ‘पाणी वाचवा’ हा संदेश द्यायचा म्हणून पाणी परत करणाऱ्याला जादा गुण ठेवले होते. शेजारच्या वर्गातली मुलं खेळायला बसवली, तर पाणी कोणीच परत केलं नाही. पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ज्याला मिळेल त्याने बटणांचा ढीग करून ठेवला. गल्लीच्या टोकाच्या घराला काहीच उरेना. तिथे बसलेल्या मुलीने विचारलं, “मी नीट खेळतेय, तरी का हरतेय?”

त्या प्रश्नाने तिघांची झोप उडवली. दोष खेळाडूंचा नव्हता, नियमाचा होता. त्यांनी जादा गुणांची ओळ खोडली आणि नवा नियम लिहिला: टँकर कुठे थांबवायचा हे दर वेळी सहा घरांनी मिळून ठरवायचं. पुढच्याच डावात वाद, मनधरणी, देवाणघेवाण सुरू झाली. पाण्याचं राजकारण मुलांना भाषणाशिवाय कळलं. हा बदल मिनिटांत झाला, कारण त्याला पेन्सिल आणि खोडरबर पुरेसं होतं. हाच खेळ आधी संगणकावर बांधला असता, तर इतक्या मेहनतीवर पाणी सोडायला कोण तयार झालं असतं?

एका नेमक्या नियमात किती ताकद असते, हे अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं आहे. २००५ मध्ये त्यांनी ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ केला. त्यातल्या राजकन्येला उडी मारताच येत नाही. तिच्या हाती एकच गोष्ट: दोन भिंतींवर एकमेकांना जोडलेली दारं उघडायची, एकातून आत शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं. चित्रं साधी होती, पण कल्पना अस्सल होती. व्हॉल्व्ह कंपनीने ती पाहिली आणि त्या विद्यार्थ्यांना कामावर घेतलं. त्यातूनच २००७ चा ‘पोर्टल’ हा जगभर नावाजलेला खेळ उभा राहिला.

आपल्या घरातही अशी विद्या आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा रंगवल्या जातात. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे एकूण १२० पत्ते. काही अवतारांच्या संचात दश्शी मोठी, तर काहींत एक्का मोठा, त्यामुळे खेळणाऱ्याला दर हाताला डोकं चालवावं लागतं. दिवसा डाव रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. म्हणजे खिडकीबाहेरचा उजेडसुद्धा या खेळाचा भाग आहे! गंजिफांवरचं चित्रकाम आपण कौतुकाने प्रदर्शनात मांडतो. त्यांचे नियम मात्र डिझाइनच्या वर्गात क्वचितच उलगडले जातात. आपल्या अभ्यासक्रमात त्यांना पहिल्याच महिन्यात जागा मिळावी.

माझा संगणकाला विरोध नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला, तो उत्तम तंत्राशिवाय झालाच नसता. पण तंत्र दुसऱ्या पायरीवर यावं. खेड्यातल्या शाळेत यंत्रं पोहोचतात, मग वीज जाते, दुरुस्तीला माणूस मिळत नाही आणि खोलीला कुलूप लागतं. पुठ्ठा, बटणं, फासे आणि कोरी वही यांना कुलूप लागत नाही. गडचिरोलीची मुलगी आणि वांद्र्याचा मुलगा तिथे एकाच रेषेवरून सुरुवात करतात.

पालकांच्या मनात गेमिंग म्हटलं की पैसे लावणं येतं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांना वेगळं काढून प्रोत्साहन दिलं. तरीही आईवडिलांची शंका कायद्याने फिटत नाही. लेकीने केलेला खेळ घरी जेवणं झाल्यावर चौघांनी मिळून खेळला, की फिटते.

म्हणून तीन गोष्टी मागते. पहिलं सत्र पडद्याविना घ्या. प्रत्येक प्रकल्प अनोळखी माणसांनी खेळून पाहावा, त्या वेळी करणाऱ्याने तोंड मिटून नोंदी घ्याव्यात आणि त्या नोंदींना अंतिम रूपाइतकेच गुण असावेत. आणि नियम मुलांनी आपापल्या भाषेत लिहावेत: मराठीत, कोकणीत, गोंडीत. गल्लीतल्या शेवटच्या घराची गोष्ट त्या घरातल्या भाषेतच नीट सांगता येते.

१५,००० शाळांसाठी यंत्रांची खरेदी सुरू होण्याआधी हा बदल कागदावर आला, तर त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. खरेदी झाल्यावर त्या यंत्रांभोवतीच अभ्यासक्रम रचला जाईल. कृपया आधी अभ्यासक्रम ठरवा, निविदा नंतर काढा.

आपली,
डिझाइनची एक शिक्षिका