आधी हिरड्या

‘ऑपरेशन पुढं गेलं’ असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, ‘शुगर का?’ नाही म्हटलं की आवाज खाली उतरतो, ‘पैशाचं काही…?’ तेही नाही. ‘हिरड्या’ म्हटलं की माणूस क्षणभर माझ्या तोंडाकडं बघतो आणि हसतो. आमचे साडू म्हणाले, ‘म्हणजे हॉल बुक झाला, पत्रिका वाटल्या, आणि सुतळी नाही म्हणून लग्न पुढं ढकललं!’ त्यांना उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. ते आज देतो.

मी घोरतो. सातारा–स्वारगेट एसटीत खंबाटकी घाट यायच्या आत माझं सुरू होतं आणि शेजारचा प्रवासी शिरवळला जागा बदलतो, हे अनेक वर्षं घरात विनोद म्हणूनच सांगितलं जायचं. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातमीत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ असे शब्द होते. बायकोनं ते वाचले आणि त्या रात्रीपासून तिनं माझं घोरणं ऐकायचं सोडून ते थांबतं कधी, याच्यावर कान लावला. सकाळी म्हणाली, ‘अहो, तुम्ही श्वासच घेत नाही मधे मधे. मी हलवलं तेव्हा घेतलात.’

तपासणी केली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र झोपलो. तासाला ३८ वेळा माझा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, आणि दर वेळी निदान दहा सेकंद तरी. ३० च्या पुढं गेलं की त्याला तीव्र म्हणतात. मग सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचा, ही युक्ती सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढं मांडली आणि ती लाखो लोकांना लागू पडली आहे. मला नाही पडली. मास्क झोपेत मीच काढून फेकायचो. गावाकडं रात्री लाइट गेली की मशीनही बंद. माझी हनुवटी आत आहे, जबडा मागं आहे, जीभ पाठीमागं घशावर पडते. शेवटी पुण्याच्या सर्जननी दोन्ही जबडे पुढं घ्यायचा पर्याय सांगितला.

ते ऑपरेशन ऐकायलाच जड आहे. वरचा जबडा नाकाच्या खालून आडवा कापून मोकळा करायचा. हा छेद ज्या रेषेनं जातो तिला रने ल फोर या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. त्यांनी १९०१ मध्ये मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहरा कुठं कुठं फुटतो ते पाहिलं होतं. (वैद्यकशास्त्राच्या इतिहासात फार खोल जाऊ नये, रात्री आठवतं.) खालचा जबडा दोन्हीकडं मागच्या दाढांपाशी असा चिरायचा की दोन फळ्या एकमेकींवरून सरकाव्यात. मग सगळं साधारण एक सेंटिमीटर पुढं आणून पट्ट्या आणि स्क्रूनी बसवायचं. जबड्याबरोबर जीभ आणि टाळू पुढं ओढले जातात आणि मागं श्वासाला वाट होते.

हे सगळं कागदावर काढून दाखवल्यावर सर्जननी हातमोजा घातला, माझा ओठ वर केला आणि बोटानं हिरडी दाबली. बोट लाल झालं. ‘हे कधीपासून?’ मी म्हटलं, ‘ब्रश केल्यावर येतंच की थोडं.’ त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘आधी हिरड्या. मग तारीख.’

हिरड्यांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मला ‘काका’ म्हणतात आणि काकांचं काही ऐकून घेत नाहीत. त्यांनी टोकाला मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती, दात आणि हिरडी यांच्या फटीत, सहा ठिकाणी ती घालून बघितली. माझे दात २७, म्हणजे १६२ वेळा. त्या आकडे सांगत होत्या, असिस्टंट लिहीत होती. ‘तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार.’ गणपतीतल्या हाऊजीसारखं वाटत होतं. तीनपर्यंत ठीक, हे मला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं मीही मनात टिपत होतो. मागच्या दाढा आल्या. ‘पाच, चार, सहा. सहा, पाच, सात.’ सातला असिस्टंटनं मान वर करून बघितलं. पाच किंवा त्याहून खोल अशा जागा ४१ निघाल्या. दुखत एकही नव्हती. ज्याला आपल्याकडं सरसकट पायोरिया म्हणतात त्याचं हेच कपट आहे. दाताला कीड लागली की माणूस रात्री साडेतीनला लवंग शोधतो. हिरडी मात्र दातापासून सुटत जाते आणि आपण बेसिनवर नळ सोडून मोकळे होतो.

माझी एक चूक इथं कबूल करतो, कारण ती पुष्कळांची असणार. रक्त येतं म्हणून त्या जागेवर मी ब्रश लावायचंच सोडलं होतं. काही वर्षं. म्हणजे जिथं घाण साचल्यामुळं रक्त येत होतं तिथली घाण काढणं बंद. वर तोंड उघडं टाकून झोपायची सवय, त्यामुळं वरच्या पुढच्या हिरड्या रात्रभर कोरड्या पडून लाल झालेल्या. आणि थोडी साखर आहेच. साखर हिरड्या बिघडवते, बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

पण ऑपरेशन जबड्याचं, मग हिरडीचा एवढा बाऊ कशाला? साडूंचा हाच प्रश्न होता, माझाही होता. पट्ट्या हाडावर बसतात, पण टाके तोंडाच्या आत येतात, आणि तोंड काही निर्जंतुक करता येत नाही. शेजारी सात मिलिमीटरच्या खळग्यात पू आणि जंतू बसलेले असताना तिथं ताजी जखम करायची, तर ती चिघळायला निमित्त मिळतं. हे कुणालाही पटेल. मला जे ठाऊक नव्हतं ते निराळंच आहे. वरचा जबडा कापून मोकळा केला की तो जिवंत कशावर राहतो? हाडातून येणारी वाट तर तोडलेली असते. विल्यम बेल या अमेरिकन सर्जननी माकडांवर केलेल्या अभ्यासातून दिसलं, की टाळूचं आणि हिरड्यांचं मांस चिकटलेलं ठेवलं तर त्यातून येणाऱ्या रक्तावर तो जबडा तगतो आणि जुळून येतो. कापलेल्या हाडाला दाणापाणी पोहोचतं ते मांसातून. माझ्या बाबतीत ते मांसच सुजलेलं होतं. साडूंनी सुतळी म्हटलं ते तितकंसं बरोबर नव्हतं.

आधी दातांना तारा लावायच्या असतील तर हिशेब आणखी कडक. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला की त्याभोवतीचं उरलंसुरलं हाडही झपाट्यानं झिजतं. म्हणून तारासुद्धा हिरड्यांच्या मागच्या रांगेत.

मग चार बैठकांत, भूल देऊन, हिरडीच्या आतलं किटण खरडून काढलं. काळपट, दगडासारखे कण ट्रेमध्ये टकटक पडताना ऐकू येत होते. आईचा याला विरोध होता. ‘दात साफ केले की खिळखिळे होतात’ हे तिचं ठाम मत. तिच्या बोलण्याला आधार अगदीच नाही असं नाही: किटण निघालं, सूज उतरली, तेव्हा दातांच्या मधल्या फटी उघड्या पडल्या आणि गार पाणी झोंबायला लागलं. पण फटी पाडल्या होत्या रोगानं, किटणानं फक्त बुजवून ठेवल्या होत्या. ‘माझ्या हिरड्यांतून कधी थेंब नाही आला,’ असंही ती म्हणाली. ती लहानपणी राखुंडी लावायची, लग्नानंतर मशेरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास आमच्या घराचाच वास होता. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘आजींना घेऊन या काका. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, रक्त दिसतच नाही. आतून रोग चालू राहतो.’ आई आली नाही. मशेरीची डबी मात्र हल्ली माझ्यासमोर काढत नाही.

घरचं काम असं: मऊ ब्रश, पण हिरडीच्या कडेला तिरका धरून, आणि रात्री फटींतून फिरवायचा, बाटली धुवायच्या ब्रशचं बाळ दिसेल असा एक इवलासा ब्रश. सात-आठ मिनिटं लागतात. पहिले दहा दिवस बेसिन लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. ही सवय आधीच लागायला हवी, कारण ऑपरेशननंतर दोन्ही जबडे रबरांनी बांधलेले असतात, तोंड जेमतेम उघडतं, ओठ सुजलेले, खालचा ओठ बधिर, आणि खाणं म्हणजे आठवडेच्या आठवडे मिक्सरमधली पेज नि पातळ वरण, जे दाताला सगळ्यात जास्त चिकटतं. तेव्हा नवीन काही शिकायची कुणाला ताकद असते?

गेल्या शुक्रवारी पुन्हा मोजणी झाली. ‘तीन, दोन, तीन’ची इतकी सवय झाली की मधेच मला डुलकी लागली आणि म्हणे मी घोरलोही. ४१ च्या सहा जागा उरल्या आहेत. सर्जननी तारीख दिली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन आहे. त्यानंतरचे तीन रविवार हे सदर नसेल. मागच्या दाढांपर्यंत जाईल असा लहान मुलांचा ब्रश आणून ठेवला आहे. दुकानात हत्तीचं चित्र असलेला एकच शिल्लक होता.